हल्ली मुक्काम चिकपेट



बेंगळूरच्या चिकपेटेत एखाद्या जुन्या मराठी घरी जा आणि विचारा, "तुमचं मूळ गाव कुठलं?" बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: "आम्ही शहाजीराजांबरोबर आलो." रंगाऱ्याच्या घरी हेच ऐकू येतं, शिंप्याच्या घरी हेच आणि कारकुनाच्या घरीही हेच. मी याच पेठेत वाढलो, माझ्याही घरी हेच सांगत. आज आपण पाहणार आहोत की हे उत्तर कागदासमोर ठेवलं तर काय होतं, आणि आपली खरी माणसं जुन्या दप्तरांत कुठे सापडतात. इंदूर, बडोदा, हैदराबाद, तंजावर, जिथून कुठून तुम्ही हे ऐकत किंवा वाचत असाल, तिथेही यातलं बरंच लागू पडेल.

आधी या उत्तरातलं खरं किती ते पाहू.

१६३८ साली रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली आदिलशाही फौज कर्नाटकात उतरली. शहाजीराजे त्या फौजेत होते. केंपेगौडांच्या वंशजांकडून बेंगळूर घेतलं गेलं, गौडा मागडीला गेले, आणि बेंगळूर व आसपासचा मुलूख शहाजीराजांकडे जहागिरीत आला. त्यांचा दरबार इथेच भरत असे. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात त्या दरबाराचं वर्णन केलं आहे. वि. का. राजवाड्यांनी तो ग्रंथ १९२२ मध्ये संपादित करून छापला. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे इथे शिकारीत शहाजीराजांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी आजही तिथे आहे. पुढे जहागीर एकोजीराजांकडे, म्हणजे आपण ज्यांना व्यंकोजी म्हणतो त्यांच्याकडे आली. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळापाशी १६६९ चा शिलालेख आहे. त्यात एकोजीराजांच्या काळात देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे.

मग एकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि त्यांचं लक्ष तिकडे गेलं. १६८७ मध्ये त्यांनी बेंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांना विकायचं ठरवलं. व्यवहार पुरा व्हायच्या आत मोगल सरदार कासिमखानाने शहर ताब्यात घेतलं, आणि अखेर त्याच्याकडून ते म्हैसूरकरांकडे गेलं. म्हणजे बेंगळुरातला भोसल्यांचा काळ १६३८ ते १६८७, एकूण ४९ वर्षं.

तेव्हा शहाजीराजांबरोबर मराठी माणसं इथे आली, यात शंका नाही. कारकून आले, शिलेदार आले, भट-भिक्षुक आले. प्रश्न एवढाच की तुमचे आले का?

थोडा हिशेब करू. १६३८ पासून आजपर्यंत साधारण १२ ते १३ पिढ्या होतात. तुमचे आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. असं दुप्पट करत बाराव्या पिढीला पोहोचलात की त्या एका पिढीत ४०९६ जागा भराव्या लागतात. नात्यात लग्नं झाली असतील तर काही माणसं दोनदा येतील, तरी संख्या मोठीच राहते. "आम्ही शहाजीराजांबरोबर आलो" हे वाक्य त्या चार हजारांतल्या एकाच जागेबद्दल बोलतं: बापाचा बाप, त्याचा बाप, असं सरळ वर गेल्यावर जो येतो त्याच्याबद्दल. उरलेली सगळी माणसं, त्यातल्या सगळ्या बायका, त्या वाक्यातून गळून पडतात.

शिवाय मराठी माणूस बेंगळुरात एकदाच आला नाही. भोसले गेल्यावरही तो येतच राहिला. हैदरअली आणि टिपू यांच्या दफ्तरात मराठी लिहिणारे कारकून होते. १८०९ मध्ये इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली, तेव्हा कापड शिवणाऱ्या आणि रंगवणाऱ्या हातांना काम मिळालं. आणि विसाव्या शतकात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे, तसेच माण-खटावचे गलाई व्यावसायिक आले. सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचं हे काम. दुष्काळी मुलखातून निघून ही माणसं देशभर पसरली, आणि चिकपेट-नगरथपेटेच्या सराफीतही त्यांची दुकानं आहेत. त्यांना कोणी "मूळ गाव?" विचारलं तर ते शहाजीराजांचं नाव घेत नाहीत. यात्रेला गावी जातात, सातबाऱ्यावर त्यांचं नाव असतं. अजून शे-दोनशे वर्षांनी त्यांची पतवंडं काय सांगतील, याचं मला कुतूहल आहे.

म्हणून पूर्वज शोधायचा पहिला नियम: खाली उतरू नका, वर चढा. शहाजीराजांपासून सुरुवात करून स्वतःपर्यंत यायचा प्रयत्न केला की मधली दोनशे वर्षं कल्पनेने भरावी लागतात. स्वतःपासून सुरुवात करा, एकेक पिढी मागे जा, आणि प्रत्येक पायरीला एक कागद मागा. जिथे कागद संपेल तिथे थांबा.

चिकपेटेत ही चढण लवकरच अवघड होते, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण आडनाव. इथल्या शाळेत नाव घालताना कन्नड रीतीप्रमाणे गावाचं आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावलं गेलं, पुरुषाच्या नावामागे ‘राव’ आणि बाईच्या नावामागे ‘बाई’ आलं. दोन पिढ्यांत आडनाव गेलं. कन्नड माणूस नावातला ‘राव’ पाहून ओळखतो की हे बहुधा मराठी घर. पण कुठलं मराठी घर, ते ‘राव’ सांगत नाही. अशा वेळी आडनावाचं काम कुलदैवत करतं. हिंगलाजमाता असेल तर भावसारांकडे बघा. जोतिबा, तुळजाभवानी, एखाद्या गावचा खंडोबा, लग्नातलं देवक, गोत्र, हे सगळं लिहून ठेवा. नाव बदललं तरी कुळाचार सहसा लवकर बदलत नाही.

दुसरं कारण प्लेग. १८९८ मध्ये बेंगळुरात प्लेग आला आणि पेठेची दाट वस्ती त्यात होरपळली. ज्यांना जमलं ते बाहेर पडले. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहती त्यानंतर भराभर वाढल्या. कित्येक घरांची वंशावळ याच वर्षाशी येऊन तुटते. एक भाऊ गेला, दुसरा मल्लेश्वरमला गेला, तिसऱ्याची बायको मुलं घेऊन माहेरी गेली. म्हणून घरातलं म्हातारं माणूस "प्लेगच्या साली" म्हणालं की ते वाक्य सोडू नका. तारखेचा पक्का खुंटा तोच.

आता कागदांकडे येऊ. पुष्कळ घरांत पत्र्याच्या पेटीत जुने कागद असतात. ते मोडीत असतात, कुणाला वाचता येत नाहीत, आणि घर रंगवायला काढलं की रद्दीत जातात. म्हैसूर राज्याच्या हिशेबी कारभारात एकोणिसाव्या शतकातही मराठी चालत होती. त्यामुळे बेंगळुरातल्या कन्नड भाषक घरांतही मोडी कागद निघाले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

आमच्या घरच्या पेटीत एक कर्जरोखा होता. चाळीस रुपयांचा, निळीच्या खरेदीसाठी. वरचा कोपरा फाटल्यामुळे शक गेलेला, फक्त ‘पराभव संवत्सर’ एवढं शिल्लक. आता संवत्सरांची नावं साठ वर्षांनी परत येतात. पराभव संवत्सर १७८६ मध्ये होतं, १८४६ मध्ये होतं आणि १९०६ मध्येही होतं. तीनपैकी कुठलं? उत्तर रकमेत सापडलं. रोख्यात ‘कंपनी रुपये’ लिहिलं होतं. ईस्ट इंडिया कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया पाडायला सुरुवात केली ती १८३५ मध्ये, आणि १८६२ पासून नाण्यांवरून कंपनीचं नाव गेलं. म्हणजे साल १८४६.

रोख्यात कर्जदाराचं नाव, बापाचं नाव, मग पंढरपूरच्या बाजूच्या एका लहानशा गावाचं नाव ‘राहणार’ म्हणून, आणि पुढे शब्द: ‘हल्ली मुक्काम बेंगळूर, चिकपेट’. माझ्या चुलतभावाचं शिक्षण कन्नडमध्ये झालं. कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे खेडं. त्याने बरेच दिवस ‘हल्ली मुक्काम’ नावाचं खेडं नकाशावर शोधलं.

खाली जामीन म्हणून एका बाईची निशाणी होती. जुन्या कागदांत लिहिता न येणारा माणूस आपल्या धंद्याची खूण करी. कुणब्याची निशाणी नांगर, शिंप्याची कात्री, बाईची बांगडी. इथे बांगडी होती, आणि शेजारी कारकुनाने लिहिलेलं ‘कोम’ अमुक, म्हणजे अमुकची बायको. ही कर्जदाराची आई. नवरा गेलेला, मुलगा परमुलखात निळीचा व्यापार करू बघतो, आणि चाळीस रुपयांना ती जामीन राहते. माझ्या वंशातल्या बायकांपैकी कागदावर सापडलेली ही सगळ्यात जुनी.

हे सगळं घरी वाचून दाखवलं तेव्हा माझी आत्या म्हणाली, "म्हणजे राजांबरोबर नाही, निळीच्या वड्यांबरोबर आलो." ती नाराज नव्हती. तिने विचारलं, ते कर्ज फिटलं का? रोख्याच्या पाठीवर भरण्याची नोंद आहे. फिटलं.

या कागदाकडे पाहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. सामान्य माणूस दप्तरात शिरतो तो काहीतरी देताना, घेताना किंवा भांडताना. कर्ज, गहाण, खरेदी, सारा, फिर्याद. पराक्रमाच्या नोंदीत आपले पूर्वज शोधाल तर बहुधा हात रिकामे राहतील. देण्याघेण्याच्या नोंदीत शोधा.

त्यातही भांडण सगळ्यात उपयोगी. वतनावरून दोन भाऊबंद भांडले की सरकारात दोघांना आपापली हकीकत द्यावी लागे. तिला करीना किंवा कैफियत म्हणत. मूळ पुरुष कोण, त्याला मुलगे किती, कोण निपुत्रिक वारला, कोण कुठे गेला, हे सगळं त्यात येई, आणि निवाडा महजरात लिहिला जाई. पुढे इंग्रजांनी १८५२ चा कायदा करून मुंबई इलाख्यातल्या इनामांची चौकशी लावली, तेव्हाही हजारो घरांना वंशावळ लिहून द्यावी लागली. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर अशा कागदांनी भरलेलं आहे. भाऊबंदकीला आपण नावं ठेवतो, पण कित्येक घरांना पणजोबाच्या पणजोबाचं नाव तिच्यामुळेच मिळालं.

मूळ गाव हाती आलं की वाट सोपी होते. महाराष्ट्रातल्या तालुका कचेरीत जुने हक्कनोंदीचे कागद असतात, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही असते. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर असतो. बेंगळुरात उपनिबंधकाकडे खरेदीखतं आणि गहाणखतं मिळतात, आणि राज्याचं पुराभिलेखागार विधानसौधात आहे. जनगणनेच्या मागे मात्र लागू नका. आपल्याकडे तिच्यातली व्यक्तीची माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय ठेवलेली आहे.

कचेरीबाहेरचे दोन ठेवे विसरू नका. एक, तीर्थोपाध्यांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार. अस्थी घेऊन गेलेल्या माणसाने तिथे गाव, जात, वडील-आजोबांची नावं, बरोबर कोण आलं हे लिहून खाली सही केलेली असते. उपाध्यायाला गावाचं नाव आणि आडनाव सांगावं लागतं, नाहीतर वही सापडत नाही. हरिद्वारच्या वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशशास्त्र संस्थेने सूक्ष्मचित्रं काढून ठेवली आहेत.

दुसरा ठेवा हेळव्यांचा. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागातल्या लोकांना हेळवी ठाऊक आहेत. कन्नडमध्ये त्यांना हेळव म्हणतात. बैल घेऊन गावोगाव फिरायचं, यजमानाच्या दारात त्याच्या कुळाची नावं म्हणून दाखवायची, नव्या जन्माची नोंद घ्यायची, आणि धान्य, कपडा घेऊन पुढे जायचं. कन्नड घराची वंशावळ आणि मराठी घराची वंशावळ एकाच माणसाच्या चोपडीत असू शकते, हे सीमेवर राहणाऱ्यांना सांगायला नको. हेळवी चिकपेटेत शोधू नका. मूळ गावातल्या भाऊबंदांकडे तो कधी येतो ते विचारा.

मात्र हाती लागलेली प्रत्येक वंशावळ खरीच मानायची का? याचं उत्तर तंजावरला मिळतं. एकोजीराजांच्या वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये आपल्या भोसले कुळाचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला. भारतातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत तो गणला जातो. दगडात कोरलेलं, राजाने लिहवून घेतलेलं, घरच्याच लोकांविषयीचं. तरीही त्यातली सुरुवातीच्या पिढ्यांची हकीकत इतिहासकार दुसऱ्या साधनांशी ताडल्याशिवाय घेत नाहीत. कारण लेख १८०३ चा आहे, आणि घटना दीड-दोन शतकं आधीच्या. राजाच्या दगडाला जो नियम, तोच आपल्या आजोबांनी वहीत लिहिलेल्या वंशावळीला. नोंद घटनेच्या वेळची की नंतरची? लिहिणाऱ्याला त्यातून काय मिळणार होतं? दुसरीकडे कुठे तिला दुजोरा आहे का?

हे तीन प्रश्न आज फार निकडीचे झाले आहेत. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द आज पणतीचा शाळा-कॉलेजातला प्रवेश ठरवू शकतो. अशा वेळी कागद नीट वाचणारा आणि जे नाही ते नाही म्हणणारा माणूस हवा. कागदातून हवं तेच वाचायचा मोह तेव्हा फार मोठा असतो.

चिकपेटेतल्या मराठी माणसाला या शोधातून दाखला मिळायचा नसतो. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. महाराष्ट्रातले नातेवाईक त्याला "तुम्ही कानडी झालात" म्हणतात, आणि इथे कधीतरी कोणीतरी "तुम्ही बाहेरचे" म्हणतं. शहाजीराजांचं नाव तो घेतो ते यासाठी. आपण इथे फार जुने आहोत आणि मानाने आलो आहोत, हे एका वाक्यात सांगता येतं. मला ती गरज कळते. पण आमच्या रोख्याने जे सांगितलं ते मला जास्त भक्कम वाटतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक माणूस इथे कर्ज काढतो, धंदा मांडतो, कर्ज फेडतो. त्याचे लेक-नातू याच गल्लीत मरतात. या गावाशी आमचा व्यवहार झाला आणि तो चोख झाला. बाहेरचा की इथला, याला यापेक्षा चांगलं उत्तर मला मिळालेलं नाही.

आता कामाचं सांगतो. या आठवड्यात घरातल्या सगळ्यात वयस्क बाईजवळ बसा. पुरुषांना बापाकडची नावं पाठ असतात. बायकांना माहेरं माहीत असतात. आजीचं माहेर कुठलं, तिच्या आईचं कुठलं, लग्न होऊन आली तेव्हा घरात कोण कोण होतं, हे विचारा आणि बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा. जुन्या कागदांचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, कारण भरण्याच्या नोंदी पाठीवर असतात. घड्या जबरदस्तीने उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका. मोडी येत नसेल तर शिका. रोज तासभर दिलात तर काही महिन्यांत साधा रोखा लागायला लागतो. आणि तोवर पेटीतला एकही कागद रद्दीवाल्याला देऊ नका.

पुढच्या भागात मोडीतली अक्षरं आणि सुहूर सनाचे आकडे पाहू. ‘तिसा सबैन मया व अलफ’ म्हणजे नऊ, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७९, त्यात ५९९ मिळवले की १७७८. घरी असा एखादा कागद असेल तर काढून ठेवा.